फुकटच्या डोणीचे मोल

शके १९४४ मधील माघ महिना. इंग्रजी सन २०२३ चा फेब्रुवारी नुकताच लागला होता. थंडी उतरणीस लागली होती आणि आजरा तालुक्यातील डोंगरउतारांवर काजूचा मोहोर गळून कोवळी फळे धरू लागली होती. अशा दिवसांत एकदा एक हिशेबनीस आपल्या वृद्ध गुरुजींच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन गेला.

हिशेबनिसाचे नाव जयवंत शिंत्रे. काजूवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात तो खरेदीचे काम पाहत असे. रेडेकर गुरुजींनी त्याला सातवीपर्यंत गणित शिकविले होते. गुरुजींनी आता चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती. त्यांना ऐकू थोडे कमी येई. परंतु बोलण्यातील विसंगती मात्र पूर्वीइतकीच स्पष्ट ऐकू येई.

“गुरुजी, घर ठरलं,” जयवंत पाया पडून म्हणाला. “तयार घर. खोल्या कारखान्यातच बनतात. भिंती, छप्पर, दारं-खिडक्या, खालची फरशीसुद्धा बसवलेली. ट्रेलरवर घालून आणायच्या आणि क्रेननं उचलून एकीला एक जोडून ठेवायच्या. पंचेचाळीस दिवसांत घर!”

त्याने मोबाइलवरील छायाचित्र पुढे केले. हिरवळीवर एक नेटके, पांढरे घर उभे होते. पायरीशी दोन कुंड्या होत्या. गुरुजींनी चष्मा वर करून ते पाहिले, पेढा तोंडात टाकला आणि सावकाश संपविला.

“पेढा उत्तम आहे. किंमत काय?”

“तीन खोल्या, साडेदहा लाख. कर धरून. आमच्याकडे सगळे मिळून बारा लाख आहेत. म्हणजे दीड लाख हातात उरतात. पडदे, पंखे, वास्तुशांत, सगळं त्यात बसतं.”

“आणि घाई कशाची?”

“आक्काची, गुरुजी. एकतीस मेला ती निवृत्त होते. क्वार्टर नव्या सिस्टरला द्यायचं ठरलंय. विटांचं बांधकाम काढलं तर भिंती छपराला लागायच्या आत पाऊस येणार. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको.”

आक्का म्हणजे शालन शिंत्रे. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. आईवडील लवकर गेल्यावर तिने धाकट्या जयवंताला वाढविले, शिकविले, त्याचे लग्न लावून दिले आणि या सर्वांत स्वतःच्या लग्नाचा विषय तिने कधी निघू दिला नाही. उभी नोकरी तिने सरकारी क्वार्टरांत काढली. स्वतःच्या मर्जीने भिंतीला एक खिळाही तिने कधी ठोकला नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला एक लहानसा भूखंड तिने पगारातून घेऊन ठेवला होता. आता भविष्य निर्वाह निधीतून उचललेली रक्कम आणि जयवंताची शिल्लक मिळून ते बारा लाख झाले होते. येत्या शनिवारी घराची निम्मी किंमत आगाऊ, इसारा म्हणून द्यावयाची होती, आणि एकदा दिलेला इसारा परत मिळणार नव्हता.

एवढ्यात जयवंताचा फोन वाजला. पलीकडे कोकणातील कोणी काजूविक्रेता असावा.

“भाव ऐकला हो, पण जागेवरचा की पोच?” जयवंत जोरात विचारू लागला. “जागेवरचा? मग तसं आधी सांगायचं की! गाडीभाडं, हमाली, वाटेतली घट, हे कोण, तुमचे आजोबा सोसणार काय? पोच भाव बोला, नाहीतर फोन ठेवा.”

त्याने फोन खिशात टाकला आणि तो ओशाळून हसला. “क्षमा करा, गुरुजी. हे रोजचंच आहे. भाव कुठपर्यंतचा ते विचारलं नाही तर कारखाना एका हंगामात बुडेल.”

गुरुजींनी काही क्षण त्याच्याकडे निरखून पाहिले. नंतर ते काठी घेऊन उठले आणि त्याला परसात घेऊन गेले. तेथे पेरूच्या झाडाखाली एक दगडी डोण पडली होती. पूर्वी घरी म्हशी होत्या, तेव्हा त्यांना पाणी पाजण्यासाठी एकाच दगडातून कोरून घेतलेली ती डोण आता वाळक्या पानांनी भरली होती.

“ही तुला दिली,” गुरुजी म्हणाले. “फुकट.”

“मला? पण आमच्याकडे गुरं कुठं आहेत, गुरुजी?”

“गुरे नसतील, हात तर आहेत. ही तुमच्या जागेवर नेऊन बसव. काठोकाठ पाणी भर. चारही काठांना पाणी सारखे टेकले पाहिजे. रविवारी दुपारी मी तेथे हात धुण्यास येईन. माझ्या हात धुण्याने कोणाचे काही बिघडता कामा नये, तेवढे पाहा. तोवर इसारा थांबव.”

“पण शनिवारची मुदत…”

“त्या व्यापाऱ्यालाही रविवारी जागेवरच बोलाव. घर तेथे ठेवावयाचे आहे ना? मग पैसेही तेथेच दे.”

जयवंत गोंधळला. परंतु गुरुजींना ‘का’ विचारण्याची त्याच्या पिढीला सवय नव्हती. तो थेट रुग्णालयाच्या क्वार्टरवर गेला आणि त्याने आक्काला सर्व हकिगत सांगितली.

“डोण?” दोरीवरच्या पांढऱ्या साड्या काढता काढता शालन थांबली. “काय बोलायलास तू, जया? अरे, मी घर मागितलं आणि तू दगड घेऊन आलास?”

“गुरुजींचं वय झालंय, आक्का. आता बोलणार तरी काय त्यांना?”

“वय माझंबी झालंय, म्हणून मी कुणाला डोण्या वाटत फिरत नाही.” तिने साडीची घडी घातली आणि ती थोडी नरमली. “पण ऐक. तुझ्या डोक्यात भागाकार शिरावा म्हणून त्या माणसानं दोन वर्षं घालवली. तू त्यांना एक रविवार देऊ शकत नाहीस? त्या वाळवेकर साहेबांना सांग, एका दिवसानं काही घर पळून जात नाही.”

प्रफुल्ल वाळवेकर हे त्या घरांच्या व्यापाऱ्याचे नाव. त्यांनी फोनवर थोडी कुरकुर केली, पण रविवारी येण्याचे मान्य केले.

रविवारी सकाळी जयवंताने दस्तगीर नावाच्या ओळखीच्या टेम्पोवाल्यास बोलाविले. डोण टेम्पोत चढविण्यासाठीच चार माणसे लागली. गावातून वर जाईपर्यंत सारे ठीक होते. परंतु भूखंडाच्या अलीकडे रस्ता दोन बांधांच्या मध्ये अरुंद होऊन एकाएकी काटकोनात वळत होता. दस्तगीरने टेम्पो पुढे घेतला, मागे घेतला, पुन्हा पुढे घेतला आणि शेवटी इंजिन बंद केले.

“जयवंतभाऊ, टेम्पो हाय ह्यो, हेलिकॉप्टर न्हवं.”

“अरे, जरा डाव्या अंगानं घे की.”

“डाव्या अंगाला मिरची हाय. आणि मिरचीच्या मागं रवळूमामा हाईत. मिरचीचं एक येळ चालंल, रवळूमामाचं न्हाई चालायचं.”

रवळू गुरव खरोखरच बांधावर उभे होते. कमरेवर हात होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. भूखंडाला लागून असलेले खालचे वावर त्यांचे होते.

“घाला, घाला! माझ्या मिरचीवरनं घाला गाडी!” ते म्हणाले. “तुम्ही हिशेबाची माणसं. मिरची तुमच्या खर्चात लिवा म्हंजे झालं.”

टेम्पो तेथेच राहिला. डोणीला दोर बांधून, वाशांवर पेलत, चार माणसांनी ती शेवटच्या चढावरून नेली. जयवंतानेही खांदा दिला. जागेवर डोण ठेवली, तेव्हा सर्वांच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता आणि मजुरीचा ठरलेला आकडा दुप्पट झाला होता.

आता पाणी. भूखंडावर विहीर नव्हती, नळ नव्हता. ग्रामपंचायतीची जलवाहिनी खाली रस्त्यापर्यंतच आली होती. शालनने घरून आणलेल्या दोन घागरी उचलल्या आणि ती कोणाला न विचारता खाली गेली. तिच्यामागून जयवंत आणि मजूरही गेले. बऱ्याच खेपा झाल्यावर डोण निम्मी भरली आणि सर्व पाणी एका कोपऱ्यात जाऊन बसले. उतारावर ठेवलेली डोण एका अंगाला कलली होती. खालच्या काठावरून पाणी सांडत होते आणि वरचा काठ कोरडाच होता.

“चारही काठांना सारखं म्हणाले ना गुरुजी?” शालनने विचारले.

“म्हणाले.”

“मग बघतोयस काय? उपस पाणी.”

पाणी उपसले. डोण बाजूला घेतली. जमीन उकरून पाहिली, तर वर मऊ लाल माती आणि एका बाजूस हातभर खाली कातळ. नुसती माती चोपून भागेना. शेवटी दस्तगीर गावातून जांभ्याचे चिरे आणि मुरूम घेऊन आला. तेही अर्थात फुकट नव्हते. चिरे बसवून, मुरूम ठोकून लहानसे जोते झाले आणि त्यावर डोण चढली. पुन्हा घागरी, पुन्हा चढ. या वेळी पाणी आरशासारखे सपाट उभे राहिले.

शालन समाधानाने काठाशी बसली. तिने पिशवीतून साबण काढला, हात धुतले, तोंड धुतले, धूळभरले पाय धुतले आणि वर दोन तांबे ओतून घेतले. ते गढूळ पाणी उताराने वळवळत निघाले आणि थेट खालच्या वाफ्यात शिरले.

“सिस्टरबाई!” रवळूमामांचा आवाज आला. “माझ्या मिरचीला साबण पाजताय काय? तुमची डोण, तुमचं पाणी, आणि घाण तेवढी आमची! अजून घर न्हाई आलं तर ही गत. घर आल्यावर मोरीचं न् संडासाचं कुठं सोडणार? माझ्या तोंडात?”

“मामा, तोंड जरा सांभाळून,” शालन उठून म्हणाली. “तुमच्या नातवाला गोवर आला होता तेव्हा सुट्टी टाकून कोण बसलं होतं उशाशी?”

“तुम्हीच बसला होता. त्येचं उपकार हायतच. पण उपकार मिरचीला कळतंय व्हय?”

यावर दस्तगीर हसला, मग मजूर हसले आणि शेवटी शालनलाही हसू आवरले नाही. रवळूमामा मात्र हसले नाहीत. त्यांनी फावडे उचलले आणि वाफ्याच्या कडेने एक चर खणून पाणी बांधापलीकडच्या आपल्या केळीकडे वळविले. “केळीला चालतंय,” ते पुटपुटले. “मिरचीला न्हाई.”

दुपारी गुरुजी रिक्षाने आले. रिक्षा खाली टेम्पोपाशीच थांबली. डोक्यावर छत्री धरून ते काठी टेकत वर आले. त्यांच्यामागून वाळवेकर, हातात कागदांची पिशवी घेऊन, धापा टाकत चढत होते. त्यांची मोटारही खालीच राहिली होती.

गुरुजींनी छत्री मिटली. डोणीचे चारही काठ त्यांनी क्रमाने पाहिले, वाकून हात धुतले, रुमालाने पुसले आणि पाणी चरातून केळीकडे जाईपर्यंत ते उभे राहिले.

“उत्तम,” ते म्हणाले. “डोण कितीला पडली, जयवंता?”

“फुक…” जयवंत बोलता बोलता थांबला. टेम्पो, मजुरी, चिरे, मुरूम, दुसरी खेप. आकडे त्याच्या डोक्यात आपोआप एकाखाली एक येऊन बसले. “सहा हजारांच्या वर गेली, गुरुजी. आणि हात धुतलेल्या पाण्यावरून रवळूमामांशी भांडण झालं, ते वेगळं.”

“दगडाचे किती?”

“दगडाचे काहीच नाहीत.”

गुरुजी डोणीच्या काठावर बसले. त्यांनी जयवंताला समोर बसण्याची खूण केली आणि ते शांतपणे म्हणाले:

“डोण तयार होती, तिची जागा तयार नव्हती. तयार वस्तू विकत मिळते, परंतु वस्तूची जागा कोणत्याही कारखान्यात घडत नाही, ती ज्याची त्याने घडवावी लागते. वस्तू जितकी जड, तितका तिच्या मागून येणारा खर्च जड. आज एक दगड त्या वळणावरून आला नाही. उद्या तीन खोल्या कशा येतील? एका डोणीला हातभर जोते लागले. घराला किती लागेल? पाणी तू डोक्यावरून आणलेस, कारण एका दिवसाचा प्रश्न होता. हात धुतलेल्या पाण्याने शेजार दुखावला, मग मोरीचे पाणी कोठे जाईल? तू रोज काजू घेताना विचारतोस, ‘जागेवरचा भाव की पोच?’ माझ्यासमोर तू तो प्रश्न विचारलास. आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी करताना मात्र विचारला नाहीस. हे घर साडेदहा लाखांचे आहे, ते कारखान्याच्या फाटकापर्यंत. शालनच्या उंबरठ्यापर्यंत ते कितीचे आहे?”

जयवंताची मान खाली गेली. जो प्रश्न त्याच्या जिभेवर दिवसातून दहादा येई, तो या एका व्यवहारात त्याला सुचला नव्हता, कारण छायाचित्रातील घराच्या खाली जमीन होती, पायरीशी कुंड्या होत्या, आणि ते सर्व किमतीतच आहे असे त्याच्या डोळ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते.

तो वाळवेकरांकडे वळला. “साहेब, तुमचा भाव जागेवरचा की पोच?”

वाळवेकरांनी घाम पुसला. माणूस लबाड नव्हता. “जागेवरचा,” ते म्हणाले. “ट्रेलरचं भाडं वेगळं, क्रेन वेगळी. जोतं, मैलापाण्याची टाकी, पाण्याची जोडणी, विजेचं मीटर, हे गिऱ्हाइकाकडं. आणि तुमच्याकडचा पाऊस बघता चारी बाजूंनी पडवी काढून घ्यावी लागेल, तेही वेगळं. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण कुणी विचारत नाही हो. लोक फोटो बघतात आणि विचारतात, रंग कुठला मिळेल?”

“आपण खोटे बोलला नाहीत,” गुरुजी त्यांना म्हणाले. “परंतु न विचारलेले खरेही गिऱ्हाइकास सांगावे. त्याने धंदा घटत नाही.”

वाळवेकरांनी मान डोलविली. मग जयवंताने आणि त्यांनी तेथेच एकेक बाब धरून अंदाज काढला. मातीखालचा कातळ, वळणाची रुंदी, वरचा चढ, सर्व आता डोळ्यांसमोरच होते. वरचा खर्च पाच लाखांच्या घरात जात होता.

साडेदहा आणि पाच. हातात बारा. शालनने बेरीज मनात केली होती. ती डोणीपासून उठली आणि भूखंडाच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली.

“म्हणजे माझं घर होत नाही,” ती म्हणाली. आवाज स्थिर होता. चौतीस वर्षे वॉर्डात वाईट बातम्या सांगितलेल्या बाईचा तो आवाज होता. “बरं झालं, आज कळलं. इसारा दिला असता तर पावसात अर्धं घर आणि रिकामी पेटी घेऊन बसले असते. जया, बाजारपेठेत एखादी भाड्याची खोली बघ.”

“आक्का, थांब.”

“थांबून काय करू? इतकी वर्षं थांबलेच आहे.”

तेव्हा गुरुजींनी व्यापाऱ्यास एक साधा प्रश्न विचारला. “या खोल्या एकत्रच घ्याव्या लागतात काय?”

“नाही,” वाळवेकर म्हणाले. “प्रत्येक खोली स्वतंत्रच बनते. जोडणीची बाजू ठेवून दिली तर पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, केव्हाही आणखी एक लावता येते. विटांच्या घराला मागाहून खोली काढायची म्हणजे भिंत फोडा. इथं तसं नाही. खरं म्हणजे या घराचा मोठा गुण तोच. पण तोही कुणी विचारत नाही.”

जयवंताने मान वर केली. हिशेब पुन्हा सुरू झाला; परंतु या वेळी तो उलट्या दिशेने, जमिनीपासून वर चालला होता. आधी वाट, मग जोते, मग पाणी, मग सांडपाणी, आणि या सर्वांना देऊन जे उरेल त्यात घर.

“दोन खोल्या,” तो म्हणाला. “स्वयंपाकघर आणि आक्काची खोली. जोतं मात्र आताच तीन खोल्यांचं घालायचं. बारा लाखांत बसतं. अगदी काठाला लागून, पण बसतं.”

“आणि तू? वैजयंता?” शालन वळली. वैजयंता ही जयवंताची पत्नी. “तिसरी खोली तुमची होती. कारखान्याच्या त्या एका खोलीत अजून किती दिवस राहणार तुम्ही?”

“वर्षभर. फार तर दोन.”

“मला नाही पटत. तुम्हाला बाहेर ठेवून मी आत राहू?”

“आक्का, मला बोर्डिंगात ठेवून तू रात्रपाळ्या केल्यास, तेव्हा तू मला विचारलं होतंस? नाही ना? मग आता तू मला विचारू नकोस.”

शालन परत येऊन डोणीपाशी बसली. तिच्याशी या स्वरात तो पूर्वी कधीच बोलला नव्हता.

वाटेचा प्रश्न उरला होता. ट्रेलरला वळण्यासाठी रवळूमामांच्या वावराचा कोपरा लागणार होता, आणि क्रेनला उभे राहण्यासाठी त्याहून थोडा अधिक. जयवंत बांधापाशी जाऊन उभा राहिला.

“मामा, कोपरा लागेल. काय भरपाई म्हणाल ती…”

“पैशाचं बोलू नगंस,” रवळूमामा म्हणाले. त्यांनी मघापासून सर्व ऐकले होते. “मिरची मार्चअखेरपतूर निघती. त्येच्या पुढं वावर रिकामंच ऱ्हातंय पावसापतूर. न्या गाडी. मातर एक अट हाय. सिस्टरबाईंच्या मोरीचं पाणी नळ टाकून माझ्या केळीला द्यायचं. उन्हाळ्यात केळीला पाणी न्हाई माझ्याकडं. संडासाचं न्हाई हां, मोरीचं.”

“दिलं,” शालन जयवंताच्या आधी म्हणाली. “पण साबणाचं असतंय हो, मामा.”

“केळ काय तोंड वाकडं करत न्हाई, सिस्टरबाई. तोंड वाकडं कराय मी हाय की.”

या बोलण्यास गुरुजी प्रथमच मोकळेपणाने हसले. ते म्हणाले, “जयवंता, हीदेखील किंमतच. ही आधी चुकती केलेली बरी. मागाहून हिचे व्याज फार होते.”

त्या दिवशी इसारा दिला गेला नाही. तो गुढीपाडव्याला दिला गेला, ग्रामपंचायतीची परवानगी हाती आल्यावर, आणि दोन खोल्यांचाच. वाळवेकरांनी या वेळी न विचारताच पडवीचा, क्रेनचा आणि ट्रेलरचा भाव वेगवेगळा सांगितला. चैत्रात जांभ्याचे जोते उभे राहिले. ते तीन खोल्यांचे असल्यामुळे गावातील काही जणांनी जयवंतास विचारले, “का रे, एका खोलीचे पैसे वाटेत सांडले काय?” तो हसून ऐकून घेत असे. वैशाखात, मिरची निघून गेलेल्या वावरातून, ट्रेलर सावकाश वळला. क्रेनने पहिली खोली उचलली, तेव्हा अर्धा गाव बांधावर उभा होता, आणि खोली जोत्यावर टेकताना रवळूमामा सर्वांत मोठ्याने सूचना देत होते. दोन्ही खोल्या दुपारपर्यंत जागेवर बसल्या. तिसऱ्या खोलीचे जोते मोकळे राहिले, शालनने त्यावर पापड वाळत घातले आणि वैजयंताला सांगितले, “ही तुझी खोली. तोवर पापडांना भाड्यानं दिली आहे.”

कोणतीही तयार वस्तू घेताना आपण तिचे मोल विचारतो. तिला आपल्याजवळ नांदविण्याचे मोल ज्याने आधी विचारले, त्यास लहान घरही पुरते आणि ते पुढे मोठेही होते.

शालन शिंत्रे एकतीस मे रोजी निवृत्त झाली. रुग्णालयात निरोपसमारंभ झाला, हार झाले, भाषणे झाली. सरबताचा पेला मात्र तिने हात जोडून परत केला. त्या दिवशी निर्जला एकादशी होती आणि हे एक व्रत ती कित्येक वर्षे कडकपणे पाळीत आली होती. संध्याकाळी ती आपल्या घरी आली. नळाची जोडणी करणारा त्याच सुमारास काम संपवून गेला होता. जयवंताने स्वयंपाकघरातील नळ उघडून दाखविला. पाणी आले. ती पदराने हात झाकून कितीतरी वेळ त्या धारेकडे पाहत राहिली.

“घोटभर घे की, आक्का. आजच्या दिवशी देव रागावणार नाही.”

“देव नाही रागावायचा. मी रागावेन. बंद कर नळ, वाया चाललंय.”

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता ती उठली. स्नान, देवपूजा झाली. मग तिने तांब्या नळाखाली धरला, भरून घेतला, आणि उंबरठ्यावर बसून उपवास सोडला. पाणी थंड होते आणि त्याला नव्या नळाचा किंचित वास होता. ती ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. नंतर मोरीत तांब्या घासून धुतला आणि कान देऊन ती उभी राहिली. जोत्याखालच्या नळातून पाणी खळखळत उताराला लागले, बांधापलीकडे गेले आणि केळीच्या आळ्यात निवांत जिरले. मग तिने तांब्या पालथा घातला. शके १९४५, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, गुरुवारचा तो दिवस होता.